विसाच्या आतले

"तुमच्याकडं ती हवा तपासायची मशीन असती म्हणं, मॅडम. दोन घंट्यासाठी मिळंल का?"

माणूस अडखळत बोलत होता, शेजारणीकडे उसनं पीठ मागायला आल्यासारखा. मी विचारलं, कोण बोलताय, कुठून बोलताय?

"व्यंकट बिडवे. वडवळी वसाहतीतून. गाळापासून तेल काढायचा लहान कारखाना हाय माझा. टाकी साफ करायची हाय, अन् माणसं आत उतरायला भ्यायलेत."

मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी कारखाना सुरक्षा खात्यात निरीक्षक होते. शैलजा मेंगशेट्टे हे नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचून कुणी आपणहून आत यावं असं आमचं खातं नव्हतं. कारखानदाराचा फोन आला तर तो बहुतेक वेळा कुणाची तरी ओळख सांगायला. हा माणूस मदत मागत होता. मी खुर्चीत सावरून बसले.

"कसला गाळ?"

"सोयाबीनच्या तेलाचा. मोठ्या मिलीत तेल शुद्ध केल्यावर उरतो तो. त्यात तेजाब घालून उकळलं की वर तेल येतं अन् खाली राडा बसतो. या वर्षी राडा लई साचला. तो काढल्याबिगर पुढचं काम होत न्हाई."

"माणसं किती कामाला?"

"मला धरून अकरा."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

त्या वर्षी विधिमंडळानं आमच्या खात्याचं अनुदान मंजूर करताना त्याला एक अट जोडली होती. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या कारखान्याच्या तपासणीवर या अनुदानातला एक पैसाही खर्च करायचा नाही. कायदा बदलला नव्हता. बंद टाकीत माणूस उतरवण्याआधी काय काय करायचं, हे कायद्यात पहिल्यासारखंच होतं. फक्त ते केलंय का हे बघायला जाणाऱ्याचं पेट्रोल, त्याच्या कामाचे तास, त्याची उपकरणं, सगळं त्या एका ओळीनं बंद झालं होतं. अट का आली हेही मला ठाऊक होतं. आमच्यातल्या काही जणांनी लहान कारखानदारांना पिळून काढलं होतं, त्यांचे शाप सभागृहापर्यंत पोचले होते. शेजारच्या जिल्ह्यातला आमचा एक सहकारी जुन्या सवयीनं फटाक्यांच्या एका शेडमध्ये डोकावून आला, तर त्याच्यावर जीपच्या फेरीची वसुली निघाली आणि वर चौकशी लागली. तेव्हापासून वाटेत लहान शेड दिसली की आम्ही दुसरीकडे बघत होतो.

हे सगळं मी बिडव्यांना थोडक्यात सांगितलं.

"मंजी वीस माणसं असती तर आला असता?"

"हो."

"आता आनखी नऊ जन कुठून आनू मी." त्यांच्या बोलण्यात चीडही नव्हती.

"बिडवे, माझं ऐका. कुणालाही आत उतरवू नका. नगरपालिकेच्या अग्निशामक दलाला विचारा, मोठ्या मिलीतल्या सुरक्षा अधिकाऱ्याला विचारा. आणि काही झालं तरी कमरेला दोर बांधल्याशिवाय तर नाहीच."

"दोर बांधतो. तसं घाबरायसारखं काही न्हाई, मॅडम. सकाळी झाकन काढलं तवा लई वास होता, सडक्या अंड्यावानी. आता पार गेलाय बगा. बरं, ठेवतो."

फोन ठेवला गेला.

तो वास ज्या वायूचा असतो, तो वायू थोडा असला की नाक दुखेपर्यंत घाण येते. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, हवा मोकळी झाली. मग तो आत उतरतो आणि दोन-चार श्वासांत पडतो. वर उभा असलेला त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एका मळीच्या हौदाकाठी तीन चपलांचे जोड बघितले होते.

मी लगेच यादीतून त्यांच्या कारखान्याचा नंबर काढून फिरवला. घंटी वाजत राहिली. पुन्हा फिरवला. बिडवे कारखान्याच्या अंगणात गेले असणार, टाकीपाशी.

अग्निशामक दलाला फोन केला. त्यांची एकुलती एक गाडी कापसाची गंजी पेटली म्हणून दुसऱ्या टोकाला गेली होती. आली की पाठवतो, म्हणाले.

मी आमचे उपसंचालक घोणसीकर साहेबांच्या खोलीत गेले. साहेब सरळ माणूस. निवृत्तीला थोडे महिने राहिलेले, मुलीचं लग्न ठरलेलं. मी सांगितलेलं सगळं त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"वास गेला म्हणाला?"

"हो."

त्यांनी डोळे उघडले. "जीप देता येणार नाही, मॅडम. लॉगबुकात काय लिहू?"

"माझी स्कूटर आहे. अर्ध्या दिवसाची रजा लिहून देते."

"रजेवर कुठं जायचं हे तुमचं तुम्ही बघा." त्यांनी रजेचा कागद पुढ्यात ओढला आणि मी अजून लिहिलाही नव्हता तर त्याच्या तळाशी सही केली. "मशीन मात्र सरकारी आहे."

"हो, साहेब."

"तिच्याबद्दल मला विचारू नका. विचारलंत तर मला नाही म्हणावं लागेल."

मी विचारलं नाही. कपाटातून वायुमापक काढला, भाजीच्या पिशवीत घातला आणि निघाले.

वडवळीचा रस्ता तेव्हा एकपदरी होता. दोन्ही बाजूंनी सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं, डोक्यावर दुपारचं ऊन. ट्रॅक्टर पुढे आला की मला ओरडावंसं वाटे. खांद्याला अडकवलेली पिशवी सारखी गुडघ्यावर आपटत होती. मनात एकच विचार होता, की मी पोचेन तेव्हा बिडवे चहा पीत बसलेले असावेत आणि त्यांनी मला बघून हसावं. उगाच आलात मॅडम, म्हणावं. त्यानंतर माझं जे व्हायचं ते होवो.

शेडच्या फाटकातूनच मला माणसांचं कोंडाळं दिसलं.

टाकी अर्धी जमिनीत पुरलेली होती, वरून सिमेंटचं छत. छताला एका टोकाला माणूस उतरेल एवढं चौकोनी तोंड, दुसऱ्या टोकाला नळ्या आत जायला एक लहान भोक. तोंडाभोवती सात-आठ जण. दोघं एक दोर जिवाच्या आकांतानं ओढत होते आणि दोर तसूभरही हलत नव्हता. एक दणकट माणूस सदरा काढून, तोंडाला उपरणं बांधून लोखंडी शिडीवर पाय ठेवत होता.

"थांबा," मी म्हणाले आणि पळतच छतावर चढले. "उतरू नका. कुणी उतरू नका."

"बाजूला व्हा," तो माणूस म्हणाला. "माझा भाऊ हाय आत."

त्याचं नाव ज्ञानोबा मुळजे. आत होता तो त्याचा धाकटा भाऊ, भागवत. ही नावं मला नंतर कळली. त्या घडीला मला फक्त शिडीवरचा त्याचा पाय दिसत होता.

मी वायुमापक पिशवीतून काढून तोंडाशी नेला. आत घालायचीही गरज पडली नाही. काठावरच तो किंचाळायला लागला आणि थांबेना. मी गुडघ्यांवर बसून, श्वास रोखून आत बघितलं. काळा राडा घोट्याएवढा असेल. भागवत वाफेच्या नळीच्या वेटोळ्याला टेकून, मान एका खांद्यावर टाकून बसल्यासारखा पडला होता. राड्यात तोंड गेलेलं नव्हतं, एवढंच काय ते नशीब. कमरेचा दोर त्या वेटोळ्यात अडकला होता.

"किती वेळ झाला?"

"आत्ताच, मॅडम," मागून बिडवे म्हणाले. मी त्यांना पहिल्यांदा बघत होते, आवाजावरून ओळखलं; त्यांनीही मला हातातल्या मशीनवरून ओळखलं असावं. पन्नाशीचा, काटकुळा, हाताला तेजाबाचे पांढरे डाग. "आत्ताच बोलत होता. बादली द्या मनला, अन् मग बोललाच न्हाई."

ज्ञानोबानं दुसरा पाय शिडीवर ठेवला. मी त्याच्या आणि तोंडाच्या मधे सरकले. आता त्याला उतरायचं असतं तर मला ढकलूनच उतरावं लागलं असतं.

"तुम्ही उतरलात तर तुम्हीही पडाल. मग दोघांना काढावं लागेल."

"दम धरून जातो. दोर सोडवतो अन् येतो."

"दोर सोडवायला जोर लागेल. जोर लावला की श्वास घ्यावा लागेल."

"तुमी कोन मनणाऱ्या?" तो माझ्या तोंडावर ओरडला. "तुमी ऑफिसच्या ना? आमच्याकडं यायचं न्हाई असं ठरलंय ना तुमचं? मग आता कशाला आलाव? मरायलाय माझा भाऊ."

खिशात ओळखपत्र होतं, ते त्या दिवशी कागदाचा तुकडा होतं. मोठ्या कारखान्यात मी एका शब्दात काम बंद पाडू शकत असे. इथे मी रजेवर आलेली एक बाई होते. त्यानं माझा दंड धरून मला बाजूला ओढलं. मी तोल जाऊन गुडघ्यावर पडले आणि पडल्या पडल्या त्याच्या पायाला मिठी मारली.

"बिडवे," मी म्हणाले, "याला धरायला सांगा. तुमची माणसं आहेत, तुमचं ऐकतील."

बिडवे माझ्याकडे बघत होते, मग ज्ञानोबाकडे. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात अवघड क्षण असेल. दोन्ही मुळजे त्यांच्या गावचे, एकत्र वाढलेले. थोरल्याला अडवायचं आणि धाकटा गेला, तर गावात तोंड कसं दाखवायचं? आणि सांगणारी कोण, तर ज्या खात्याला लहान कारखानदार लांबूनच हात जोडत, त्या खात्यातली बाई.

"धरा रे ज्ञानोबाला," ते म्हणाले.

चौघांनी धरलं. ज्ञानोबानं एकाच्या मनगटाला चावा घेतला. मग त्यानं शिव्या देणं थांबवलं आणि भावाला हाका मारायला सुरुवात केली. ते जास्त वाईट होतं. "भागवत, ए भागवत, ऊठ की रे. हे सोडनात मला." टाकीतून हाकांचा घुमारा परत येत होता.

"हवा फुंकणारा पंखा कुठे आहे आसपास?" मी विचारलं. "धान्य पाखडायचा, कसलाही."

"शेजारी बियानं साफ करायचं युनिट हाय. तिथं ब्लोअर हाय," कुणीतरी म्हणालं आणि दोघं पळाले.

ते परत येईपर्यंतचा वेळ किती होता, मला सांगता येणार नाही. मी काठापासून जरा मागे छतावर पालथी पडून, श्वास रोखून रोखून आत बघत होते. भागवतची छाती हलतेय की नाही, हे अंधारात कळत नव्हतं. एकदा वाटलं, हलली. मग वाटलं, मला तसं वाटून घ्यायचंय. ज्ञानोबाला मी अडवलं ते बरोबर आहे, हे मला पुस्तकानं शिकवलं होतं, मळीच्या हौदानं शिकवलं होतं. पण पुस्तकात भाऊ हाका मारत नाही. हा माणूस आत्ता या क्षणी मरत असेल तर तो माझ्या देखत आणि माझ्या सांगण्यावरून मरतोय, हे मला स्वच्छ दिसत होतं.

ब्लोअर हातगाड्यावर आला. त्याला कापडाचा लांब नळा होता. मोटार तोंडापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवायला लावली. एक जण नळा उलटा लावायला निघाला होता, वायू ओढून घ्यायला.

"ओढायचं नाही, वायू मोटारीत जाऊन पेटेल. फुंकायचं. नळा खाली राड्यापर्यंत सोडा, त्याच्या तोंडाजवळ."

बांबूला बांधून नळा आत सोडला. बटण दाबलं. नळा फुगला आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाच्या भोकातून घाण वाऱ्याचा लोट बाहेर यायला लागला. तिकडच्या दोघांना मी हाकलून लांब उभं केलं. वायुमापक दोरीला बांधून आत सोडला होता. तो किंचाळत राहिला. ज्ञानोबाचं ओरडणं थांबलं होतं. सगळे त्या किंचाळण्याकडे कान लावून उभे होते.

मग तो थांबला.

मी वर ओढून आकडा बघितला, परत सोडला, परत बघितला.

"आता जा," मी ज्ञानोबाला म्हणाले. "दोर बांधा. नळ्याचं तोंड सोडू नका. दमल्यासारखं वाटलं तर हात वर करा, आम्ही ओढू."

लोकांनी सोडल्यावर त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरले नाही. तो उतरला. वेटोळ्यातून दोर सोडवला. वरच्यांनी ओढलं, आधी भागवत आला, राड्यानं माखलेला, जड, मागोमाग ज्ञानोबा. मी भागवतच्या तोंडात ओढताना गेलेला राडा बोटांनी काढला आणि कान लावला. श्वास होता. बारीक, खरखरणारा, पण होता.

बिडव्यांच्या मालवाहू टेंपोत घालून त्याला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. अग्निशामक दलाची गाडी आम्हाला वाटेत समोरून येताना भेटली.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, जगेल. फुप्फुसं भाजलीत, घशाचं सांगता येत नाही, पण जगेल. मी दवाखान्याच्या बाहेरच्या टपरीवरून घोणसीकर साहेबांना फोन लावला. ते ऑफिसातच बसून होते.

"मुंबईहून मुख्यालयाचा फोन येऊन गेला," ते म्हणाले. "कुणा वार्ताहरानं कळवलंय. तुम्हीच बोला त्यांच्याशी, नंबर देतो."

मुख्यालयातले सहसंचालक माझ्याशी फार सौम्यपणे बोलले. सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या कामगाराचं काय झालं?"

"वाचला, सर."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"वाचला," ते म्हणाले. "चांगलं झालं. फारच चांगलं झालं. पण मॅडम, मग अवघड आहे."

"म्हणजे, सर?"

"अटीला अपवाद एकच आहे. मृत्यू झाला असेल तर चौकशीचा खर्च चालतो. तुमचं जाणं, उपकरण नेणं, सगळं मी चौकशीत बसवलं असतं. आता कशात बसवू?"

मी टपरीवाल्याला पैसे दिले आणि आत जाऊन भागवतच्या खाटेपाशी बसले. ज्ञानोबा खाली फरशीवर बसला होता. मला बघून त्यानं पाठ फिरवली.

आठवड्याभरात माझं निलंबन झालं. तपासणीची मंजुरी नसलेल्या कारखान्यात सरकारी उपकरण वापरलं, हा आरोप. नाकारण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी नाकारलं नाही; पण मोडलेली अट सभागृहानं घातलेली, म्हणून प्रकरण वर वर जात विधिमंडळाच्या समितीपुढे गेलं. समितीतले एक सदस्य होते आमदार गणपतराव हासबे. ती अट त्यांनीच मांडली होती.

मुंबईला समितीच्या खोलीपाशी मी गेले तेव्हा बाहेरच्या बाकावर बिडवे बसले होते. त्यांनाही बोलावलं होतं. त्यांच्या शेजारी दोन्ही मुळजे बघून मला नवल वाटलं. भागवत शाल पांघरून बसला होता, निम्मा झालेला. ज्ञानोबानं मला बघून मान खाली घातली.

हासब्यांबद्दल मी मनात काही चित्र रंगवलं होतं. प्रत्यक्षात ते शिक्षकासारखे होते, खादीचा सदरा, हळू बोलणं. त्यांनी मला विचारलं, "कोणत्या अधिकारात गेलात?"

"कोणत्याच नाही."

"तुम्ही अट मोडलीत."

"हो."

"मॅडम, तुमच्या खात्यातल्या माणसांनी लहान उद्योजकांचं रक्त शोषलंय. हे मान्य आहे का?"

"मान्य आहे."

त्यांना हे उत्तर अपेक्षित नसावं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बिडव्यांना आत बोलावलं. "बिडवे, सभापतींना सांगा. दोन वर्षांपूर्वी माझ्या ओट्यावर येऊन तुम्ही रडला होतात की नाही? तुमचीच हकिगत मी सभागृहात सांगितली. त्यावरूनच ही अट आली."

मी वळून बिडव्यांकडे बघितलं. हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. टाकीपाशी नाही, दवाखान्यात नाही.

"सांगितलं ते खरंय, साहेब," बिडवे म्हणाले. "त्या इन्स्पेक्टरनं मला लई छळलं. मी तुमाला मनलो, या माणसापासून सोडवा. तुमी मनलाव, सोडवतो." त्यांनी हात जोडले. "पण साहेब, मी त्याला काढा मनलो होतो. येनं बंद करा मनलो न्हवतो. मला वाटलं, एखादा नीट माणूस येईल त्याच्या जागी."

हासबे समोरच्या कागदाकडे बघत राहिले.

समितीचे सभापती वयस्कर होते, त्यांना प्रकरण आटपायचं होतं. "प्रश्न एवढाच आहे," ते म्हणाले, "की त्या दिवशी तिथं मृत्यू झाला होता का? झाला असेल तर अधिकाऱ्यांचं जाणं अपवादात बसतं. कागदावर याची स्पष्ट नोंद दिसत नाही."

"मृत्यू झाला नाही," मी म्हणाले.

"पुरावा?"

मी काही बोलायच्या आत बिडवे दाराकडे गेले आणि दार उघडून त्यांनी भागवतला आत घेतलं. ज्ञानोबा त्याला दंडाला धरून आला. भागवत टेबलापाशी उभा राहिला.

"हे कोण?" सभापतींनी विचारलं.

"टाकीत पडलेला माणूस, साहेब," बिडवे म्हणाले.

सभापतींना काय करावं कळेना. नोंद घेणारा लघुलेखक कोपऱ्यात बसला होता, त्याच्याकडे बघून ते म्हणाले, "ठीक आहे. यांनी नाव सांगावं, म्हणजे नोंदीत येईल."

भागवतनं तोंड उघडलं. त्याचा घसा जळाला होता. आवाज असा नव्हताच, नुसती हवा होती. लघुलेखक म्हणाला, ऐकू येत नाही. भागवत दोन पावलं पुढे झाला आणि पुन्हा बोलला. तरी ऐकू आलं नाही. शेवटी लघुलेखक वही घेऊन खुर्चीवरून उठला, त्याच्याजवळ गेला आणि त्यानं आपला कान त्याच्या तोंडाशी नेला.

"काय म्हणतात?" सभापतींनी विचारलं.

लघुलेखक तरुण होता. तो जरा घुटमळला. "नाव नाही सांगितलं, सर. म्हणतात, मी हाय."

"मृत्यू झाला नाही, अशी नोंद घ्या," सभापती म्हणाले.

हासबे खुर्चीवरून उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

माझं निलंबन नंतर मागे घेतलं, ताकीद मात्र कायम राहिली आणि बदली विदर्भात झाली. घोणसीकर साहेबांवर काही आलं नाही. त्यांचं नाव मी कुठे घेतलं नव्हतं आणि त्यांनी सही केलेल्या रजेच्या कागदावर कुठे जायचं ते लिहिलेलं नव्हतं. पुढच्या अधिवेशनात आमच्या खात्याचं अनुदान पुन्हा मंजुरीला आलं. अट राहणार की जाणार, याकडे आम्ही सगळे डोळे लावून बसलो होतो. हासबे बोलायला उठले, असं ऐकलं. त्यांनी अट काढून टाकावी म्हणून प्रयत्न केला, पण तोवर ती अट त्यांची एकट्याची उरली नव्हती. तिच्यामागे बरीच मोठी माणसं उभी राहिली होती, ज्यांच्या कारखान्यात कागदावर वीसपेक्षा कमी माणसं होती. शेवटी त्यांना अपवादातला एक शब्द बदलून मिळाला. 'मृत्यू'च्या जागी 'मृत्यू किंवा गंभीर अपघात' असं झालं.

बदलीच्या गावी निघण्याआधी मी मुळज्यांच्या घरी गेले. जावंसं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती. ज्ञानोबा अंगणात बाजेचे दोर आवळत बसला होता. उठला, आत जाऊन खुर्ची आणली, ती उपरण्यानं पुसली. भागवत आतून आला आणि उंबऱ्यावर बसला. तो परत कामावर गेला नव्हता. बिडव्यांनी टाकीच्या एका बाजूची माती उकरून, भिंत फोडून तिथे मोठं दार बसवून घेतलं होतं. राडा आता बाहेरूनच फावड्यानं ओढता येत होता, कुणाला उतरावं लागत नव्हतं.

"पण बाकीचे हाईत की," ज्ञानोबा म्हणाला. "आमच्या वसाहतीत सगळे विसाच्या आतलेच. त्यांच्याकडं कोन जातंय?"

मी त्याला बदललेला शब्द सांगितला. त्यानं तो दोनदा सांगायला लावला.

"मंजी आता मरायची गरज न्हाई. नुसतं पडलं तरी तुमाला येता येतंय."

"हो."

"अन् पडायच्या आधी?"

"नाही."

तो बराच वेळ बाजेचा दोर बोटाला गुंडाळत राहिला. त्या दिवसाबद्दल आम्ही एकमेकांशी अजून सरळ बोललो नव्हतो, आणि तो आता काय बोलेल याचा मला अंदाज नव्हता.

"बिडवेमालकानं दुसऱ्या चार मालकांना धरून एक मशीन आनलीय," तो म्हणाला. "तुमच्यासारखीच. डब्यात पडून हाय माझ्याकडं. वापरायची कशी कुनालाच कळंना. त्या दिवशी तुमी तुमची आत सोडली, वर वढली, परत सोडली. दोनदा का बगितलंत?"

"एकदा बघून माझा विश्वास बसला नाही."

त्यानं मान हलवली. मग आत जाऊन तो डबा घेऊन आला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "एस्टीला येळ हाय ना तुमच्या? शिकवा मला."

मी डबा उघडला. भागवतही उंबऱ्यावरून उठून जवळ सरकला.